रोजच्या जगण्यातली गोडी, कृतज्ञता आणि सजगता: नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

आमचा सकाळी बागेत एकत्र शांत बसणाऱ्यांचा छोटा गट आहे. फी नाही, गुरू नाही, दारावर पाटीही नाही. नवीन माणूस आला की पहिल्या आठवड्यात साधारण हेच प्रश्न येतात, आणि उत्तरं चहाच्या टपरीवर अर्धवट राहतात. म्हणून एकदा नीट लिहून ठेवली. क्रमाने वाचायलाच हवं असं नाही. ज्याचा जो प्रश्न असेल तो त्याने उघडावा.

सजगता म्हणजे करायचं तरी काय?

जे चाललं आहे त्याकडे ते चालू असतानाच लक्ष द्यायचं, आणि लगेच हवं-नको, चांगलं-वाईट असा निकाल द्यायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं. करायला बसलं की दोन मिनिटांत कळतं, आपण इथे नव्हतोच. मन उद्याच्या मीटिंगमध्ये किंवा परवाच्या भांडणात होतं.

जगभरच्या सजगतेच्या वर्गांत सुरुवातीला एक मनुका देतात आणि तो बघत, हुंगत, सावकाश चावत खायला लावतात. आपण नागपुरात राहतो, मनुका कशाला? संत्रं घ्या. आंबिया बहाराचं दिवाळीच्या आगेमागे मिळतं, मृग बहाराचं फेब्रुवारी-मार्चकडे. आधी तळहातावर त्याचं वजन बघा. सालीवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसतील. देठाजवळ अंगठ्याचं नख खुपसलं की तेलाचा बारीक फवारा उडतो. खिडकीच्या उजेडाकडे धरलं तर तो दिसतो, डोळ्यात गेला तर चांगला चुरचुरतो. नागपुरी संत्र्याची साल सैल, त्यामुळे ती मोठ्या तुकड्यांत निघते. मग पांढऱ्या शिरा, मग फोड. पहिली फोड तोंडात असतानाच बहुतेकांचा हात दुसरीकडे गेलेला असतो. तिथे थांबायचं. पातळ पापुद्रा दाताखाली फुटतो, आंबटपणा आधी येतो, गोडी त्याच्या मागून येते आणि बी चावली गेली तर कडवट चव बराच वेळ रेंगाळते.

२०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं हे फळ आपण टीव्ही बघता बघता डझनाने संपवतो आणि नंतर सांगतो, यंदा संत्र्याला चवच नाही.

हो, पण यात कृतज्ञता कुठून आली? आणि जगण्यातली गोडी?

आमच्या गटाचं सगळं म्हणणं याच प्रश्नात आहे. कृतज्ञता ठरवून वाटत नाही. उमेदही ठरवून येत नाही. 'आता मला छान वाटलं पाहिजे' असं मनाला बजावलं की ते उलट रुसून बसतं. आपल्या हातात फक्त बघणं आहे. एखादी गोष्ट जवळून, पुरती बघितली की ती कुणी केली, कुठून आली, तिच्यामागे किती हात लागले हे आपसूक दिसायला लागतं. संत्र्याच्या बाबतीत काटोल-नरखेडच्या बागेतला उन्हाळा दिसतो, फळगळ दिसते, पहाटे कळमन्याच्या बाजारात उभ्या असलेल्या गाड्या दिसतात. त्यानंतर जे वाटायचं ते वाटतं. कधी काहीच वाटत नाही, आणि तेही चालतं.

हे विपश्यनाच आहे का? की बाहेरून आलेलं फॅड?

दोन्ही नाही, पण विपश्यनेशी नातं जवळचं आहे. श्वासावर लक्ष ठेवण्याची पद्धत बुद्धाच्या शिकवणीतली. सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ती शिकले आणि १९६९ साली भारतात येऊन शिबिरं घेऊ लागले. इगतपुरीचं केंद्र १९७६ सालचं. आपल्याकडे माहुरझरीला धम्म नाग केंद्र आहे. दहा दिवसांचं शिबिर, मौन, फोन जमा, आणि फी नाही; आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर ते चालतं. ज्यांना खोलात जायचं आहे त्यांनी तिथेच जावं. आमच्याकडे सकाळची वीस मिनिटं मिळतात, शिबिराची तोड त्याला नाही.

दवाखान्यातली सजगता १९७९ मध्ये सुरू झाली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात जॉन कबात-झिन यांनी जुनाट दुखणी आणि ताण असलेल्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम बांधला. धार्मिक भाग बाजूला ठेवला, श्वास आणि शरीराकडे लक्ष देणं तेवढं घेतलं. आज ऑफिसात आणि शाळांत 'माइंडफुलनेस' म्हणून जे येतं, त्यातलं बरंचसं या वाटेने आलं आहे.

आणि फॅड म्हणाल, तर नागपूरकराने तरी तसं म्हणू नये. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी ज्या गावात लाखो लोकांसह बुद्धाचा मार्ग स्वीकारला, त्या गावात हे बाहेरचं कसं? तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळामुळे विदर्भातल्या कितीतरी गावांत सकाळी सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळी प्रार्थना चालत आली आहे. आमच्या गटातल्या एका आजोबांना शांत बसणं शिकवावंच लागलं नाही. लहानपणी गावात बसत होते, म्हणाले, मधे नोकरी लागली म्हणून सुटलं.

मला वेळच नाही. सकाळी डबे, मुलांची व्हॅन, मग ड्युटी. हे रिकाम्या माणसांचं काम नाही का?

वेगळा वेळ काढायची गरज सुरुवातीला नाही. जे काम तसंही करायचंच आहे, त्यातलं एक निवडा आणि तेवढंच नीट लक्ष देऊन करा. सांभार, म्हणजे कोथिंबीर, निवडणं घ्या. जुडी सोडली की ओल्या मातीचा वास येतो, पिवळी पानं बोटांना आधी कळतात आणि डोळ्यांना नंतर. पाच मिनिटांचं काम आहे. ते करताना फोनवर बोलायचं नाही आणि मनातल्या मनात जावेला उत्तरही द्यायचं नाही. दुसरं अवघड आहे.

मेट्रोने जाणाऱ्यांना आयती संधी आहे. सीताबर्डीला गाडी बदलताना जिना चढतो तेव्हा पायांकडे लक्ष द्या. पुढच्या स्टेशनापर्यंत फोन खिशात ठेवून श्वास मोजा. दुचाकीवर मात्र डोळे मिटून काही करायला जाऊ नका. दुचाकीवर सजगता म्हणजे रस्त्याकडे बघणं.

सिग्नलचा एक उपयोग आहे, आणि तो उन्हाळ्यात फार चांगला होतो. मे महिन्यात आपल्याकडे लोक पांढऱ्या रेषेवर थांबत नाहीत. मागे कुठे झाडाची सावली पडली असेल तिथे सगळ्या गाड्या दाटीवाटीने उभ्या राहतात आणि पुढचा रस्ता रिकामा भाजत असतो. दुपट्ट्याने तोंड बांधलेली पंधरा माणसं एका कडुलिंबाखाली. ही सावली कुणीतरी कधीतरी लावली होती, हे तिथे उभं राहून एकदा लक्षात येऊ द्या. सिग्नल सुटला की निघा, मागचे हॉर्न वाजवतातच.

दोन मिनिटं बसलो की मन भटकतं. मला हे जमणारच नाही.

मन भटकणं हा बिघाड नाही. २०१० मध्ये मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या संशोधकांनी २,२५० प्रौढांना फोनवरून दिवसभरात अवचित विचारलं: आत्ता काय करताय, मन कशात आहे, कसं वाटतंय? ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. मन दुसरीकडे असताना लोक कमी आनंदी होते, काम कुठलंही असो; आणि मन गोड विचारांत गेलेलं असलं तरी ते कामात असलेल्यांपेक्षा जास्त आनंदी नव्हते. दिवास्वप्नं बघून बरं वाटतं या समजुतीला हा मोठाच धक्का आहे.

म्हणजे निम्म्याच्या आसपास वेळ सगळ्यांचंच मन बाहेर असतं. व्यायाम आहे तो परत येण्याचा. मन गेलं, लक्षात आलं, परत आणलं: हे एकदा झालं की एक दंड मारून झाला. वीस मिनिटांत मन चाळीसदा गेलं आणि चाळीसदा परत आणलं, तर चाळीस दंड झाले. 'माझं मन अजिबात हललं नाही' असं सांगणारा बहुधा झोपलेला असतो.

श्वासावर मन टिकत नसेल तर आवाज घ्या. आपल्याकडे चार महिने कूलर चालतो. त्याचा पंखा घुमतो तो एक आवाज, टाकीतून वाळ्याच्या जाळीवर पाणी उतरतं तो दुसरा, आणि मधूनच पंप खर्रखर्र करतो तो तिसरा. तिन्ही वेगळे ऐकता येतात का बघा. पंपाचा आवाज फारच येत असेल तर पाणी संपलं आहे, उठून भरा.

रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायला सांगतात. मी लिहिल्या. चौथ्या दिवशी कंटाळा आला.

येणारच. 'आईवडील, तब्येत, घर' असं रोज लिहिलं की ती वाण्याची यादी होते, आणि वाण्याची यादी वाचून कुणाचा ऊर भरून येत नाही.

संशोधन काय सांगतं ते आधी बघू. २००३ मध्ये रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलो यांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, आभार वाटावेत अशा गोष्टी लिहायला लावल्या. दुसऱ्या गटाला कटकटी, तिसऱ्याला नुसत्या घडामोडी. पहिल्या गटाला आपलं आयुष्य एकूणात जास्त बरं वाटू लागलं. इथे आठवड्यातून एकदा हे महत्त्वाचं आहे. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या गटाने पुढे हेच ताडून पाहिलं: आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा दिसला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. मन सवयीला फार लवकर लागतं, चांगल्याच्याही. रोज तीन गोष्टी लिहिण्याचं दडपण तेव्हा सोडून द्या. रविवारी लिहा, एकच लिहा, पण नेमकं लिहा.

नेमकं म्हणजे कसं, हे शिकायला मला पोळ्याइतकी चांगली जागा माहीत नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी असते. दिवसभर बैलांना कामाला जुंपत नाहीत. न्हाऊ घालतात, आणि मग जिथे वर्षभर जू बसलं, तिथली जाड झालेली, केस उडालेली कातडी हळद-तुपाने चोळून पळसाच्या पानांनी शेकतात. कानाशी म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बघा, आभार 'बैल या प्राण्याचे' मानलेले नाहीत. आभार खांद्याचे आहेत. नांगर, वखर, बंडी, सगळं ज्या वितीभर जागेवर पेललं गेलं, हात तिथे जातो. ती जागा माहीत असायला वर्षभर बैलाकडे बघितलेलं असावं लागतं.

आपल्या वहीत असंच खांदा शोधायचा. 'बायको' असं लिहू नका. 'मला ताप होता त्या रात्री तिने दोनदा उठून कूलरची दिशा बदलली' असं लिहा. 'कामवाल्या ताई' लिहू नका. 'पावसात रिक्षा मिळाली नाही तरी ताई आल्या, आणि आधी पाय पुसून मग आत आल्या' असं लिहा. (आणि मग पगाराचंही बघा. वहीत नाव लिहून कुणाची महागाई कमी होत नाही.)

म्हणजे तक्रारच करायची नाही का? सगळं गोड मानून घ्यायचं?

अजिबात नाही. या एका गैरसमजामुळे कितीतरी शहाणी माणसं या विषयापासून लांब पळतात, आणि त्यांचं चुकत नाही. कृतज्ञता पुष्कळदा वरून खाली शिकवली जाते: कंत्राटी कामगाराला सांगायचं की नोकरी आहे याचे आभार मान, सुनेला सांगायचं की चांगलं घर मिळालं याचे मान. असल्या कृतज्ञतेला सरळ नाही म्हणावं.

नागपुराने यावर तोड काढून ठेवली आहे. पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी, लहान पोरं तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल सजवत असताना, इतवारी-महालाकडून मारबत निघते. म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक: काळी मारबत, पिवळी मारबत, सोबत बडगे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेली ही मिरवणूक आपल्याशिवाय दुसरीकडे अशी निघत नाही. महागाईचा बडगा, भ्रष्टाचाराचा बडगा, ज्या वर्षी जे छळतं त्याचा पुतळा, आणि गर्दी घसा फोडून ओरडते: "ईडा-पीडा घेऊन जा गे मारबत!" मग वेशीबाहेर नेऊन जाळतात.

क्रम बघण्यासारखा आहे. एक दिवस खांदा शेकायचा, एक दिवस बैल पूजायचा, आणि तिसऱ्या दिवशी जे सलतं ते नाव घेऊन, रस्त्यावर, सगळ्यांसमोर सांगायचं. आमच्या गटात वहीच्या मागच्या पानावर आम्ही बडगा लिहितो. नियम तोच, नेमकं लिहायचं. 'ऑफिस वाईट आहे' असं लिहिलं तर चालत नाही. 'माझ्या रजेचा अर्ज तीन आठवडे टेबलावर पडून आहे आणि मी विचारायला घाबरतो' असं लिहिलं की पुढे काय करायचं ते बरेचदा त्याच वाक्यात सापडतं. एका बाईंनी असंच लिहिता लिहिता सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचं प्रकरण तडीस नेलं. बडगा जाळायच्या आधी तो पुरता बांधावा लागतो.

कामात गोडीच उरली नाही. पॅशन म्हणतात ती शोधायची कुठे?

शोधायला निघाल्यासारखं निघू नका. कुठेतरी ती तयार ठेवलेली आहे आणि आपल्याला पत्ता तेवढा माहीत नाही, ही कल्पनाच माणसाला दमवते. बुटीबोरीत शिफ्ट करणारा, बँकेत काउंटरवर बसणारा, शिकवणी घेणारी, यांना वाटतं की खरी गोष्ट दुसरीकडे चालली आहे. गोडी बहुतेक वेळा लक्ष देऊन देऊन तयार होते.

उदाहरण देते. आमच्याकडे येणाऱ्या एक काकू दर हिवाळ्यात सांभार स्वस्त झाला की सांबारवडी करतात, आपण पुडाची वडी म्हणतो ती. घरच्यांना आवडते म्हणून वर्षानुवर्षं करत आल्या, आणि त्यांच्याच शब्दांत, "हात करून राहिले होते, मी नव्हती." गेल्या थंडीत त्यांनी ठरवलं की एक घाणा पूर्ण लक्ष देऊन करायचा. धुतलेला सांभार पंचावर पसरला तेव्हा वरची पानं कोरडी वाटत होती, पण जुडीच्या मधल्या काड्या ओल्या. तेच पाणी आत सारणात सुटतं आणि वडी तेलात फुटते, हे त्यांनी बोटांनी ताडलं. मग पारीला आतून चिंच-गुळाचा हात किती जाड द्यायचा, खसखस आणि खोबरं भाजताना वास कधी बदलतो, आच मंद ठेवली की पुडाच्या घडीतले थर कसे वेगळे सुटतात, हे एकेक दिसायला लागलं. आता त्या प्रत्येक घाण्यात काहीतरी बदलून बघतात आणि आम्हाला चाखायला लावतात. आमची तक्रार नाही. कढी तेवढी दर वेळी आणत नाहीत. काम तेच, स्वयंपाकघर तेच, काकू मात्र आता कामात आहेत.

एक सावधगिरी. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हॅलरँड यांनी २००३ मध्ये ओढीचे दोन प्रकार मांडले. एक बाकीच्या आयुष्याशी जुळवून राहणारी. दुसरी माणसाला धरून ठेवणारी, जी झोप, घर, तब्येत सगळं खाते. आपण धंद्यातल्या, राजकारणातल्या, अगदी क्रिकेटमधल्याही दुसऱ्या प्रकारच्या माणसांचं फार कौतुक करतो. ओळखायची साधी खूण अशी: ते काम आज करता आलं नाही तर तुम्ही चिडचिडे होता की उद्या करू म्हणून निवांत जेवता?

मग नोकरी सोडून छंदाच्या मागे लागू का?

हप्ते फिटेपर्यंत नको. शनिवारची सकाळ द्या. सहा महिने शनिवार सकाळ टिकली तर पुन्हा विचारा.

घरात कुणाला 'धन्यवाद' म्हटलं की सगळे हसतात. आभार मानायचे कसे?

हसणारच, आपल्या घरात ही रीत नाही. आईला थँक्यू म्हटलं तर ती विचारते, बरं वाटतंय ना बाप्पा? आपण आभार तपशिलात मानतो. "आज वरणाला फोडणी मस्त बसली." "बाबा, तुम्ही टायरमध्ये हवा भरून आणली होती म्हणून वेळेत पोचलो." जे दिसलं ते सांगायचं. समोरच्याला कळतं की त्याचं काम कुणीतरी बघितलं. आणि न बघता म्हटलेलं थँक्यूही त्याला बरोबर कळतं.

सासऱ्यांशी पंधरा वर्षं कामापुरतंच बोलणारा एक जण आमच्यात आहे. त्यांनी लावलेल्या कढीपत्त्याच्या झाडाबद्दल तो एकदा त्यांच्याशी बोलला. फार काही घडलं नाही. सासऱ्यांनी मात्र पुढच्या वेळी कढीपत्त्याची फांदी कागदात गुंडाळून तयार ठेवली होती.

मुलांना कसं शिकवू?

शिकवू नका. संत्रं हातात द्या आणि आत किती फोडी आहेत ते सालीवरून ओळखायला सांगा. देठ काढल्यावर खाली जे पांढरे ठिपके दिसतात ते मोजून अंदाज बांधता येतो. सोलून पडताळा. पोरं कुठलंही भाषण न ऐकता दहा मिनिटं शांत बसतात. शांत बसण्याची शिक्षा म्हणून ध्यान कधीही देऊ नका.

उन्हाळ्यात काय करायचं? पंचेचाळीस अंशांत कसली सजगता?

पहाटे साडेपाचला बसा, नाहीतर रात्री गच्चीवर. उन्हाचा त्रास 'नुसता बघत' राहायचा नसतो. डोकं जड झालं, मळमळलं, घाम थांबला तर उठायचं, सावली आणि पाणी गाठायचं, गरज पडली तर दवाखाना. शरीर काय सांगतंय ते ऐकायचं, म्हणजे त्याप्रमाणे वागायचंही.

मला नैराश्य आहे, गोळ्या चालू आहेत. यामुळे गोळ्या बंद होतील का?

गोळ्यांचा निर्णय डॉक्टरांचा, आमचा नाही आणि तुमचा एकट्याचाही नाही. वारंवार नैराश्य येणाऱ्यांसाठी सजगतेवर आधारलेली आठ आठवड्यांची उपचारपद्धत आहे, आणि ते पुन्हा उलटू नये म्हणून तिचा उपयोग होतो असं अभ्यासांत दिसलं आहे. पण ती प्रशिक्षित माणसाकडून घ्यायची गोष्ट आहे. बागेतल्या गटाने तिची जागा घेऊ नये.

काही जणांना डोळे मिटून बसलं की जुने धक्के वर येतात, छाती धडधडते. अशा वेळी डोळे उघडे ठेवा, तळपाय जमिनीला टेकवा, आजूबाजूच्या वस्तूंची नावं घ्या, आणि नको वाटलं तर उठा. बसून सोसण्यात काही मोठेपणा नाही.

मदत हवी असेल तर मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, आणि प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्या नावाला लोक अजून बिचकतात, बिचकू नका. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन २०२२ पासून चालू आहे: १४४१६. रात्री-अपरात्रीही लागते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. जगणं नको वाटत असेल तर हे पान वाचत बसू नका, आधी तो नंबर लावा आणि घरातल्या एकाला उठवा.

ॲप घ्यावं लागतं का? खास गादी, उदबत्ती?

नाही. घंटेसाठी फोनचा गजर पुरतो. गुडघे दुखत असतील तर खुर्ची घ्या.

किती दिवसांत फरक दिसतो?

अभ्यासक्रम आठ आठवड्यांचे असतात, तेवढी मुदत धरून चाला. फरक बसण्याच्या जागी दिसेलच असं नाही. बहुतेकांना तो दुसरीकडेच सापडतो: पोराने दूध सांडलं आणि ओरडायच्या आधी अर्धा क्षण मिळाला, किंवा पोह्यांची प्लेट संपल्यावर आठवलं की तर्रीत आज चणे जास्त होते. पहिला फरक अनेकदा घरच्यांना कळतो. तुम्ही विचारू नका, ते टोमण्यातून सांगतातच.

घरात जागा नाही, सतत कुणीतरी असतं. नागपुरात बसायला कुठे जाऊ?

सेमिनरी हिल्स सकाळी उत्तम, सुट्टीच्या दिवशी मात्र फिरणाऱ्यांच्या गप्पा फार. फुटाळा तलाव पहाटेचा धरा. संध्याकाळी तिथे भुट्टा खायला जावं, ध्यानाला नाही. महाराजबागेत पक्ष्यांचा आवाज असतो, श्वास धरता येत नसेल तर तो धरा. दीक्षाभूमीच्या स्तूपात आत शिरलं की आवाज एकदम खाली येतो. तिथे बसायला कुणालाही मज्जाव नाही, चपला बाहेर काढायच्या आणि फोन बंद ठेवायचा. दसऱ्याच्या सुमाराला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या दिवसांत, तिथे देशभरातून लोक येतात. तेव्हा शांततेच्या अपेक्षेने जाऊ नये, तो दिवस लोक बघायचा असतो. कामठीचं ड्रॅगन पॅलेस गाडी असेल तर सोयीचं. आणि यातलं काहीच जमत नसेल तर गाडी पार्किंगला लावल्यावर किल्ली काढा आणि वर जायच्या आधी पाच मिनिटं तिथेच बसा. आमच्यातले निम्मे लोक हेच करतात, वॉचमन आता विचारत नाही.